वालूरच्या वाट्याचे पाच पैसे
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



1971 सालाचं नाव काढलं की आपल्याला डिसेंबर आठवतो. 3 तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले, मध्यरात्री इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या, 16 तारखेला ढाक्याला शरणागती झाली. आम्ही तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या वालूरला शाळेत जाणारी पोरं होतो. बातम्यांची वेळ झाली की ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओट्यावर माणसं दाटीवाटीनं बसायची. ते दिवस आमच्या पिढीला पाठ आहेत. त्याआधीचे आठ महिने मात्र आपण विसरून गेलो. युद्ध शेजारच्या घरात पेटलेलं, आपण अजून त्यात उतरलेलो नाही, आणि तरी त्याचा भार आपल्या अंगावर येऊन पडलेला, असे ते महिने होते. तो भार वालूरसारख्या गावानं कसा उचलला, हे मला आज सांगायचं आहे.

आधी थोडक्यात घडलं काय ते सांगतो. डिसेंबर 1970 मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानातल्या 162 पैकी 160 जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. साऱ्या पाकिस्तानात त्यांचंच बहुमत होतं, पण सत्ता त्यांच्या हाती द्यायला लष्करशहा याह्याखान तयार झाले नाहीत. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात रणगाडे रस्त्यावर आले. विद्यापीठाच्या वसतिगृहांवर गोळ्या चालल्या. त्यानंतर माणसं भारताच्या दिशेनं चालू लागली. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, म्हाताऱ्याला पाठीवर घेतलेलं, अशी माणसं पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसामच्या हद्दीत येत राहिली. डिसेंबरपर्यंतची सरकारी नोंद आहे 98,99,305. म्हणजे जवळजवळ एक कोटी.

हा आकडा मोठा आहे, म्हणून नजरेत मावत नाही. असं बघा, त्या वर्षीच्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे 54 कोटी 80 लाख भरली होती. म्हणजे दर पंचावन्न माणसांमागे एक निर्वासित. पाच हजार वस्तीच्या गावानं आपला वाटा उचलायचा म्हटलं, तर नव्वद अनोळखी माणसं जेवायला आणि झोपायला आली. आणि तीही एका दिवसाची पाहुणी नव्हेत. त्रिपुराची गत तर याहून बिकट. त्या राज्याची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख, आणि आलेले निर्वासित चौदा लाखांवर. शाळा बंद झाल्या, कारण वर्गांत कुटुंबं राहत होती. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठाल्या पाइपांत संसार मांडले गेले.

हे सगळं वालूरपासून फार दूर होतं. मग गावातली जुनी माणसं बातमी ऐकून गप्प का व्हायची? कारण त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी हे अंगावर घेतलं होतं. 1947-48 साली आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं परभणी जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं जिंतूरवरून वर, वऱ्हाडात गेली होती. कुणी लोणारला, कुणी मेहकरला, कुणी वाशीमला. रात्रीच्या अंधारात बैलगाडीच्या चाकांना चिंध्या गुंडाळून निघाल्याच्या गोष्टी आमच्या लहानपणी घरोघर सांगितल्या जात. सप्टेंबर 1948 च्या निजामाविरुद्धच्या पोलीस कारवाईनंतर याच मराठवाड्यातल्या मुसलमान कुटुंबांवर पळण्याची पाळी आली, आणि त्यातही पुष्कळ निरपराध माणसं मारली गेली. पंडित नेहरूंनी त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. हेही सांगितलंच पाहिजे, कारण घर सोडून पळणाऱ्याची जात एकच असते. आमची आजी रेडिओवर कलकत्त्याच्या छावण्यांची बातमी ऐकून म्हणाली होती, "लेकरं घिऊन रातीचं निघायचं म्हंजी काय असतं, ते मला इचारा." त्यानंतर घरात या विषयावर वाद झाला नाही.

आता पैशाचं बघू. एवढ्या माणसांना खाऊ घालायचं, त्यांना आसरा द्यायचा, औषधपाणी करायचं. जगानं मदत दिली, पण खर्चाच्या मानानं ती अपुरी होती. इंदिराबाई ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरल्या, हेच सांगत फिरल्या. तोवर देशानं आपल्या खिशात हात घातला होता. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून निर्वासितांसाठी कर बसवले. रेल्वेच्या भाड्यावर, विमानाच्या तिकिटावर, वर्तमानपत्रांवर, हुंड्यांच्या मुद्रांकावर, आणि 15 नोव्हेंबरपासून टपालावर. रस्त्यावरच्या वाहतुकीचा विषय राज्यांकडे होता. तेव्हा महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटावरही काही पैशांचा अधिभार आला.

वालूरकरांनी विमान डोक्यावरून जाताना तेवढं पाहिलेलं. पण सेलूला जायची एसटी रोजची होती. सेलूच्या स्टेशनवरून मनमाडकडे किंवा परभणीकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी होती. आणि पत्र सगळ्यांनाच होतं. कुणाचा मुलगा औरंगाबादला शिकायला, कुणाचा भाऊ मुंबईला गिरणीत. पाकिटावर नेहमीचं तिकीट लावायचं आणि त्याच्या शेजारी आणखी एक, पाच पैशांचं.

त्या जादा तिकिटाबद्दल जरा थांबून सांगतो. कर इतक्या घाईनं आला की त्यासाठी नवं तिकीट छापायला वेळ नव्हता. तेव्हा टपाल खात्यानं चालू असलेलं पाच पैशांचं तिकीट घेतलं आणि त्यावर निर्वासित साहाय्याचा शिक्का छापला. हे चालू तिकीट कोणतं होतं? कुटुंबनियोजनाचं. आई, वडील आणि दोन मुलं असे चार समाधानी चेहरे, तांबूस रंगात. छोट्या सुखी कुटुंबाचं ते चित्र, आणि त्याच्यावर काळ्या शाईत निर्वासितांचं नाव. कुणी ठरवून केलं नसेल, पण त्या वर्षाचं याहून खरं चित्र कुठल्या चित्रकारानं काढलं असतं असं मला वाटत नाही. पुढं 1 डिसेंबरला निर्वासित कुटुंबाचं चित्र असलेलं वेगळं तिकीट निघालं. टपालावरचा हा कर 31 मार्च 1973 पर्यंत चालला.

आज पाच पैसे म्हणजे काहीच नाही. तेव्हा त्या चौकोनी, हलक्या ॲल्युमिनियमच्या नाण्याला बाजारात किंमत होती. लहान मुलाच्या मुठीत ते ठेवलं तर मूल खूष व्हायचं. आणि साल कसलं होतं ते ध्यानात घ्या. मराठवाड्यात पाऊस ओढ देत होता. पुढल्या वर्षी, 1972 मध्ये, ज्या दुष्काळानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं, त्याची चाहूल 1971 मध्येच लागली होती. ज्वारीची कणसं भरली नव्हती. विहिरींचा तळ दिसायला लागला होता. वालूरची बारव आता नावारूपाला आली आहे, गोल जिन्यानं फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरणारी ती विहीर बघायला लांबून माणसं येतात. पण ज्यांनी ती बांधली त्यांना हा मुलूख पाण्यासाठी कसा तरसतो, हे माहीत होतं, म्हणूनच तर त्यांनी एवढं खोल जाण्याचं मनावर घेतलं. अशा मुलखातल्या, हातातोंडाची गाठ पडताना दमणाऱ्या माणसांनी ते पाच पैसे भरले. भरल्या घरातून दान करणं सोपं असतं. इथं कोठार रिकामं होत चाललं होतं. म्हणून मला त्या पाच पैशांचं मोल फार वाटतं, आणि त्या माणसांबद्दल अभिमान वाटतो.

हे कर बसण्याआधी छावण्यांत जे झालं त्यातली एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती परत आपल्याच दारी आली.

पावसाच्या तोंडावर छावण्यांत कॉलरा पसरला. हद्दीजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा, आणि दारात शेकड्यांनी रोगी. माणसं जमिनीवर, एकमेकांना लागून पडलेली. तेव्हा रूढ उपचार एकच होता, शिरेतून सलाइन. सलाइन संपत आलेलं, ते लावायला शिकलेले हात अपुरे. तिथं डॉ. दिलीप महालनोबिस नावाचे बंगाली डॉक्टर होते. त्यांनी धाडस केलं. ग्लुकोज, साधं मीठ आणि खायचा सोडा मापात मिसळून पुड्या बांधल्या, त्या पाण्यात विरघळवून पिंपं भरली, आणि रोग्याच्या आईला, बहिणीला, नवऱ्याला सांगितलं, हे पाणी पाजत राहा. नर्स लागत नव्हती, सुई लागत नव्हती. या उपायाचा शोध आधी लागला होता, पण इतक्या हलाखीत, नातेवाइकांच्या हातून तो चालेल यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. तो चालला. त्या छावणीत शंभरातली तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

हेच पाणी आज आपल्याकडे जलसंजीवनी म्हणून ओळखलं जातं. लेकराला जुलाब लागले की आशाताई पहिल्यांदा जी पुडी हातात ठेवते, ती पुडी बनगावच्या त्या दोन खोल्यांत कसाला लागली होती. महालनोबिस 2022 मध्ये वारले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझी विनंती आहे, शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी हे नाव मुलांना सांगावं. युद्ध जिंकणाऱ्या सेनापतींची नावं मुलांना येतात. हेही यावं.

डिसेंबरचं युद्ध आपण सगळे जाणतो, म्हणून त्यावर लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र धाडलं गेलं, तेव्हा त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. पुढच्या रात्री त्याची फौज वेढा फोडून निघाली आणि मराठ्यांनी वाट अडवली. आपल्या खेड्यापाड्यांतली पोरं तिथं होती. काही परत आली नाहीत.

जानेवारी 1972 पासून निर्वासित मायदेशी परतू लागले. आगगाड्या भरल्या, ट्रक भरले, पुष्कळ जण आले तसे पायीच गेले. मार्चअखेरपर्यंत बहुतेक सगळे परत गेले होते. एक कोटी माणसं येतात, वर्षाच्या आत परत जातात, हे जगात क्वचित घडलं आहे. 2022 मध्ये युक्रेनशेजारच्या पोलंडनं, मोल्दोव्हानं लाखो माणसांना घरात घेतलं, त्याच्या बातम्या आपण ऐकल्या. तिथल्या लोकांच्या मनात काय चाललं असेल, हे सेलू-जिंतूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर ती सांगू शकतील.

निर्वासित गेले, आणि आमच्याकडे 1972 चा दुष्काळ आला. वालूरची, शेजारच्या गावांची माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामावर गेली. शेतकरी आणि शेतमजूर एकाच ओळीत पाटी घेऊन उभे राहिले. कामावर सुकडी मिळायची. आता मदत घेणारे आपण होतो.

एसटीच्या तिकिटावरचा अधिभार निर्वासित गेल्यावरही उठला नाही. पुढं तो बालकांच्या पोषण आहारासाठी म्हणून घेतला जाऊ लागला आणि कित्येक वर्षं तसाच चालू राहिला. बनगावच्या लेकरांसाठी सुरू झालेले ते पैसे महाराष्ट्रातल्या कुपोषित लेकरांच्या नावानं जमा होत राहिले, आणि सेलूच्या गाडीत बसणारा वालूरचा माणूस ते कंडक्टरला देत राहिला.