दाद कोणाकडे मागावी?



प्राथमिक शाळेतील मुलाचे काम अडले की आपण मोहोळच्या पंचायत समितीत खेटे घालतो. कोण कोणाच्या हाताखाली, हेच ठाऊक नसते. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, त्यावर सोलापूरला जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी – ही शिडी शाळेच्या भिंतीवर हवी.

विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे. एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येकाचा क्रमांक, नाव, हुद्दा व वरिष्ठाचा क्रमांक भरा. नुसत्या नावावर विसंबू नका. शेख दोन असू शकतात. त्यावरून आकृती काढा. बदली झाली की तक्ता दुरुस्त करून आकृती ताजी करा. जुनी आकृती पालकाला चुकीच्या दारी पाठवते, आणि गरिबाची एक दिवसाची मजुरी बुडते. ती वाचली तरी आपले शिक्षण कारणी लागले.