आजीने विचारलं, "गाणं लिहिलंय कुणी?"

आजचा भाग छोटा आहे, चहा गार व्हायच्या आत संपेल.

आजीच्या वाढदिवसाला मी एक व्हिडिओ बनवला. गाणं तिचं आवडतं, 'शुक्रतारा'. हे सिनेमातलं गाणं नाही, भावगीत आहे. त्यामुळे पडद्यावरचा हिरो नाही, हिरोईन नाही. लोकांनी ते रेडिओवर ऐकलं आणि चित्र ज्याने त्याने मनातच काढलं. म्हणूनच अशा गाण्यांवर चाहते स्वतः व्हिडिओ करतात: चंद्र, समुद्र, गुलाब, कुठलं तरी परदेशातलं तळं. मी म्हटलं, आपण आजी-आजोबांचेच फोटो लावू. लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आजोबांची स्कूटर, माथेरानची ट्रिप. फोनवरच एडिट केलं आणि शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गायक: अरुण दाते'.

आजीने व्हिडिओ दोनदा पाहिला. डोळे पुसले. मग म्हणाली, "छान केलंस रे. पण सुधा मल्होत्रांचं नाव कुठाय? आणि गाणं लिहिलंय कुणी? चाल कुणाची?"

मी गप्प. खरं सांगतो, मला माहीतच नव्हतं. तिला मात्र पाठ होतं: शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. कसं काय? तर रेडिओवर गाणं लावताना निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी सगळी नावं सांगायचे. ऐकून ऐकून पाठ झाली.

आता गंमत बघा. ऑफिसात कोडची एक ओळ कुणी, कधी लिहिली ते गिट दोन सेकंदांत दाखवतं. तिथे मी नावासाठी भांडतो. आणि इथे अख्ख्या गाण्याचे तीन माणसं मी गाळून टाकली होती!

काही जण म्हणतील, यूट्यूबचं कंटेंट आयडी आहे ना? आहे. ते आवाज जुळवून बघतं. मग हक्क असलेली कंपनी व्हिडिओ ब्लॉक करू शकते, नाहीतर जाहिरातीचे पैसे घेऊ शकते. खाली 'हक्क माझे नाहीत' असं लिहून सुटका होत नाही. आपल्या कायद्यात कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पाडगांवकर २०१५ मध्ये गेले, म्हणजे २०७५ संपेपर्यंत. नाव दिलं म्हणून परवानगी मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

पण हक्काची काळजी घ्यायला कंपनी आहे. नावाची काळजी व्हिडिओ बनवणाऱ्यानेच घ्यायची.

मी व्हिडिओ परत केला. आता सुरुवातीलाच चार नावं येतात. तुम्हीही जुन्या गाण्यावर काही करत असाल तर आधी 'आठवणीतली गाणी' या साइटवर नावं तपासा. आणि घरात कुणी रेडिओवाली आजी असेल, तर तिला पहिलं विचारा.

भेटू पुढच्या भागात!