बालकांचा अंतर्गळ : बेंबी थांबेल, जांघ थांबणार नाही



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बालकांच्या अंतर्गळासारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. विषय मंगल नाही हे खरे. परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरात तो केव्हाही उभा राहू शकतो आणि उभा राहिला की बहुधा दडवला जातो. बाळाला न्हाऊ घालताना आईच्या नजरेला जांघेत बोराएवढा फुगवटा पडतो. बाळ रडले, कुंथले की तो मोठा होतो, निजले की नाहीसा होतो. आई सासूबाईंना दाखवते. सासूबाई म्हणतात, "वायूचा गोळा आहे, तेल चोळ, मोठेपणी जाईल." मूल मुलगी असेल तर आणखी एक वाक्य जोडले जाते, "कोणाजवळ बोलू नकोस." मग लग्नसराई जाते, पोळा जातो, दिवाळी जाते, आणि गोळा असतो तिथेच असतो.

या विकाराला इंग्रजीतून आलेला हर्निया हा शब्द आता सर्वांना परिचित आहे, मराठीत तो अंतर्गळ. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे जे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत आंत्रवृद्धी हा एक आहे. म्हणजे विकार नवा नाही, आणि तो आधुनिक राहणीमुळे झाला असेही नाही.

तो होतो कसा, हे समजले की निम्मी भीती आणि सगळा दोषारोप संपतो. गर्भातील मुलाचे वृषण आरंभी पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ असते. सातव्या महिन्यापासून ते जांघेच्या वाटेने खाली वृषणकोशात उतरू लागते. उतरताना पोटाच्या आतील अस्तराची एक चिंचोळी पिशवी आपल्याबरोबर खाली नेते. जन्माच्या आगेमागे किंवा पुढच्या काही महिन्यांत या पिशवीचे तोंड आपोआप मिटते. काही बालकांत ते मिटत नाही. वाट रुंद राहिली तर तिच्यातून आतडे खाली उतरते, हा अंतर्गळ. वाट अगदी अरुंद राहिली तर आतडे जात नाही, केवळ पोटातील पाणी झिरपते, त्याला अंडवृद्धी किंवा हायड्रोसील म्हणतात. मुलींमध्येही अशीच एक वाट असते आणि तिच्यातून कधी कधी बीजकोश बाहेर येतो. म्हणून मुलीच्या जांघेतील गाठ लपवून ठेवणे मुलाच्या गाठीइतकेच, किंबहुना अधिक घातक होय.

कापडाच्या भाषेत बोलायचे तर प्रौढांचा अंतर्गळ म्हणजे वापरून विरलेले कापड. तेथे ठिगळ लावावे लागते, आणि शल्यचिकित्सक जी जाळी बसवतात ती म्हणजे हेच ठिगळ. बालकाचे कापड मात्र नवेकोरे असते, केवळ आतल्या खिशाचे तोंड शिवायचे राहून गेलेले असते. म्हणून बालकाला सहसा जाळी लागत नाही. पिशवी मोकळी करून तिचे तोंड वरच्या बाजूला बांधले की काम झाले. यावरून हेही ध्यानी यावे की बाळ रडले म्हणून अंतर्गळ होत नाही. रडण्याने तो दिसतो इतकेच. आईने गरोदरपणी ओझे उचलले, काही वर्ज्य पदार्थ खाल्ला, तिने बाळाला फार रडू दिले, असे ठपके कित्येक सुनांना ऐकावे लागतात. त्यांतील एकही खरा नाही.

पूर्ण दिवसांच्या शंभर बालकांमागे साधारणतः एक ते पाच बालकांत हा विकार आढळतो. मुलींपेक्षा मुलांत तो कितीतरी अधिक असतो. उजव्या बाजूस अधिक आढळतो, कारण उजवे वृषण उशिरा उतरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण पुष्कळच वाढते, कारण पिशवी मिटण्याच्या आधीच ती जन्माला आलेली असतात. पूर्वी न वाचणारी दीड किलोची बाळे आता वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अशा बाळाच्या जांघेकडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवले पाहिजे.

आता बेंबीविषयी. बेंबी फुगलेली पाहून आजी-आजोबा जितके घाबरतात, तितके जांघेच्या गाठीने घाबरत नाहीत. वस्तुतः हे उलट असावयास हवे. बेंबीचा अंतर्गळ बहुतेक बालकांत चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपोआप मिटतो आणि त्यात आतडे अडकणे फार विरळा घडते. बेंबीवर रुपयाचे नाणे ठेवून पट्टी बांधण्याची रीत अनेक घरांत आहे. तिने छिद्र लवकर मिटत नाही, उलट कोवळी त्वचा मात्र चिघळते. पोट फुगलेल्या बाळांना चटके देण्याची प्रथा मेळघाटात वर्षानुवर्षे चालत आली. ती ऐकून शहरी मंडळी हळहळतात, पण नाणे, दोरा आणि बिब्बा त्यांच्याही घरातून पुरते गेलेले नाहीत. असो. जन्मतः असलेली अंडवृद्धीही बहुधा एक-दोन वर्षांत जिरते. वृषण खाली उतरलेलेच नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात, त्यानंतर नाही. शस्त्रक्रिया करावयाची ती एक ते दीड वर्षाच्या आत, असे आजचे मत आहे.

जांघेचा अंतर्गळ मात्र आपोआप बरा होत नाही. तेलाने नाही, लंगोटाने नाही, पट्ट्याने नाही. निदान होताच बालशल्यचिकित्सकांशी बोलून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा, कारण आतडे अडकण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो पहिल्या वर्षातच. एरवी आत जाणारी गाठ एकदा बाहेरच राहते, कठीण होते, हात लावू देत नाही, बाळ सारखे रडते, दूध टाकते, मग हिरवी उलटी होते, पोट फुगते. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो, मुलाच्या वृषणावरही दाब येतो. असे झाल्यास सकाळची वाट पाहू नये. तोंडाने काही देऊ नये, गाठ घरी दाबू नये, आणि तडक रुग्णालय गाठावे. डॉक्टर बहुधा हलक्या हाताने ती आत सारतात आणि सूज उतरल्यावर, एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करतात. आष्टी किंवा कारंजाच्या एखाद्या गावातून रात्री वाहन मिळवून वर्ध्याला पोहोचेपर्यंत जे तास जातात, ते दिवसाउजेडी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत वाचले असते.

शस्त्रक्रियेचे भय अनाठायी म्हणता येणार नाही, पण त्याला इतिहासाची जोड द्यावी. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमयांड यांनी ११ वर्षांच्या एका मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली. पिशवीत आतडे नव्हते, आंत्रपुच्छ होते, आणि त्याला एका टाचणीने छिद्र पाडलेले होते. त्यांनी ते कापून काढले. आंत्रपुच्छ काढल्याची पहिली नोंद ती हीच. मुलगा वाचला. भूल देण्याची विद्या तेव्हा अस्तित्वात नव्हती, ती पुढे १८४६ साली आली. हा तपशील ऐकून कोणीही आजच्या शस्त्रक्रियागृहाकडे अधिक विश्वासाने पाहील.

याच आंत्रपुच्छाने १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या कारागृहात असलेल्या महात्मा गांधींनाही गाठले. 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरी पेशावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. पुढे त्याच गांधीजींच्या सेवाग्रामात, १९४४ साली कस्तुरबांचे निधन झाल्यानंतर, डॉ. सुशीला नायर यांनी स्त्रिया व बालके यांच्यासाठी लहानसे रुग्णालय उभे केले. त्याच कस्तुरबा रुग्णालयाशी जोडून १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शेतकऱ्यांनी सुगीत ज्वारी द्यावी आणि आजारात उपचार घ्यावेत, अशी आरोग्य विम्याची योजनाही तेथे चालली. १९९० पासून सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथील बालकाने केवळ संकोचापायी गाठ घेऊन फिरावे, हे मनाला पटत नाही. खर्चाची अडचण असल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांत बालकांची तपासणी होते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

शेवटी एक घरगुती बाब. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे असावे लागते. आईचे दूध चार तास आधी आणि वरचे दूध व अन्न सहा तास आधी बंद करावे, असे सामान्यतः सांगतात. डॉक्टर आपल्या बाळासाठी जी वेळ देतील ती पाळावी. अशा वेळी रडणाऱ्या नातवाला पाहून एखाद्या आजीचे काळीज द्रवते आणि ती पदराआड बिस्किटाचा तुकडा देते. भुलेच्या अवस्थेत उलटी होऊन तोच तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून काही खाऊ घातले गेले असेल तर न लाजता भूलतज्ज्ञांना सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, एवढेच. अन्यथा साधारणतः अर्ध्या-पाऊण तासात ती आटोपते, आणि पूर्ण दिवसांचे सुदृढ मूल बहुधा त्याच संध्याकाळी आईच्या कडेवर बसून घरी जाते. अपुऱ्या दिवसांच्या लहान बाळाला एक रात्र देखरेखीखाली ठेवतात, कारण भुलेनंतर त्याचा श्वास मध्येच थांबण्याची शक्यता असते. त्या रात्री घरी नेण्याचा हट्ट कोणी धरू नये.