वळकटी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या पोटात

ऑस्ट्रेलियाचा धडा आपण सर्वांनीच शाळेत कधीतरी वाचलेला असतो. मेंढ्या, लोकर, गहू, कांगारू. आणि नकाशाच्या मधोमध एक मोठा पिवळा पट्टा, त्यावर ‘वाळवंट’ एवढा एकच शब्द. परीक्षेपुरते तेवढे पुरते. आज त्या पिवळ्या पट्ट्यातून तुम्हाला न्यायचा माझा विचार आहे. विमानाने नव्हे, तर मोटारीने, मुक्काम करीत, उघड्यावर निजत. दक्षिण किनाऱ्यावरच्या ॲडलेड शहरापासून वर डार्विनपर्यंत आणि तिथून पश्चिमेला वळून ब्रूम या बंदरापर्यंत. वाटेतली वळणे धरून हे अंतर सहा हजार किलोमीटरच्या घरात जाते. वाटाड्या बरोबर घेऊन तळ ठोकत जाणाऱ्या अशा सहली तिकडे नेहमी निघतात, आणि त्या प्रदेशात पहिल्यांदा जाणाऱ्याने असेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो. नॉर्दर्न टेरिटरी नावाचा जो मधला-उत्तरेकडचा मुलूख, तो आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे. वस्ती किती म्हणाल, तर सुमारे अडीच लाख. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. त्यातही निम्म्याहून अधिक माणसे एकट्या डार्विनच्या आसपास राहतात. उरलेल्या मुलखात गाडी बिघडली तर मागून दुसरी गाडी किती वेळाने येईल, हे आडरस्त्यावर कोणी सांगू शकत नाही. म्हणून निघतानाच वाटाड्या सर्वांना एक नियम पढवतो: वाट चुकली, गाडी बंद पडली, काहीही झाले, तरी गाडी सोडून चालत सुटायचे नाही. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. आणि गाडीला सावली असते. मदत शोधायला म्हणून चालत निघालेली माणसे मेली आणि त्यांची गाडी मात्र जागच्या जागी सापडली, असे त्या मुलखात अनेकदा घडले आहे.

गाडी म्हणजे मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली उंच बस. आत पंधरा-वीस माणसे, मागे जोडगाडी, तिच्यात पाण्याच्या टाक्या, शिधा आणि वळकट्या. या वळकटीला तिकडे ‘स्वॅग’ म्हणतात. जाड कॅनव्हासची खोळ, आत पातळशी गादी. रात्री उलगडायची, आत शिरायचे, सकाळी गुंडाळून पट्टा आवळायचा. तंबूची गरज नाही. मात्र सकाळी बूट घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे. विंचवाची सवय असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

सहलीत कामे वाटून घेतलेली असतात. कोणी लाकडे आणायची, कोणी भाजी चिरायची, कोणी भांडी घासायची. साहेब असो की शिपाई, पाळी कोणालाच चुकत नाही. संध्याकाळी विस्तवावर टिनाच्या डब्यात चहा उकळतो आणि निखाऱ्यांत ‘डँपर’ भाजला जातो. पीठ, मीठ, पाणी यांचा हा जाडजूड गोळा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा ज्याने खाल्ला असेल त्याला तो परका वाटणार नाही; वरून तुपाची धार तेवढी नाही.

आता वाट धरू. ॲडलेडहून उत्तरेला फ्लिंडर्सच्या डोंगररांगा ओलांडल्या की मॅरी नावाचे एक चिमुकले गाव लागते. धूळ, जुने रेल्वे स्टेशन आणि खजुराची झाडे. खजूर इथे कुठून आला? तो आणला उंटवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकात या वाळवंटात मालवाहतुकीला घोडे-बैल पुरे पडेनात, तेव्हा कराचीच्या बंदरातून उंट आणि त्यांचे हाकणारे बोटीने नेण्यात आले. हे लोक अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा निरनिराळ्या ठिकाणचे. पण गोऱ्यांनी त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले. पुढे त्याचेच ‘घान’ झाले आणि आजही ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या आगगाडीचे नाव ‘द घान’ आहे. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडून दिले गेले. त्यांची रानटी प्रजा आज इतकी माजली आहे, की पाणवठे तुडवतात म्हणून सरकारला त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

मॅरीपासून पुढे ऊडनाडाटाचा कच्चा रस्ता सुरू होतो. या रस्त्यावर तुम्हाला थोडे थांबवणार आहे, कारण माझ्या आजच्या बोलण्याचे मर्म इथे आहे. दोन्ही बाजूंना सपाट, लालसर, दगडगोट्यांची जमीन. झुडूपसुद्धा गुडघ्याएवढे. आणि एकाएकी एका उंचवट्याच्या माथ्यावर निळसर पाण्याचे गोल कुंड! पाणी आतून बुडबुडत वर येते आहे, कडेला हिरवी लव्हाळी. जमिनीखाली खडकांच्या थरांत साठलेले पाणी दाबाने इथे वर येते. पावसाचे हे पाणी दूर पूर्वेकडे मुरलेले, आणि खडकातून झिरपत इथवर यायला त्याला लाखो वर्षे लागलेली. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भूमीखाली हा साठा पसरलेला आहे. असे झरे एकामागून एक माळेतल्या मण्यांसारखे लागत जातात. अराबाना लोकांना त्यातला प्रत्येक झरा ठाऊक होता, प्रत्येकाची कथा होती. आणि या झऱ्यांवरून त्यांच्या देवघेवीच्या वाटा जात होत्या.

जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा प्रवासी याच झऱ्यांच्या माळेने उत्तरेकडे सरकला. माणसे थोडी, घोडे थोडे, आणि पुढचे पाणी सापडल्याशिवाय मागचे पाणी सोडायचे नाही, ही त्याची रीत. अनेक खेपा फसल्यावर जुलै १८६२ मध्ये तो उत्तर समुद्राला पोचला आणि जिवंत परतला. त्याच्या मागाने १८७२ साली तारायंत्राची तार गेली. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे ३,२०० किलोमीटर. मग आगगाडी, मग रस्ता. डार्विनहून समुद्राखालची तार जावा बेटाला मिळाली, आणि तिथून सिंगापूर, मद्रास, मुंबई अशी मजल-दरमजल करीत ऑस्ट्रेलियाची बातमी लंडनला जाऊ लागली. म्हणजे त्या वाळवंटाचे आणि आपल्या मुंबईचे नाते दीडशे वर्षांचे आहे. आणि त्या नात्याच्या मुळाशी आहेत अराबाना लोकांचे झरे.

याच्या उलट गोष्ट बर्क आणि विल्स यांची. शेकोटीभोवती वाटाडे ही गोष्ट हमखास सांगतात. ऑगस्ट १८६० मध्ये मेलबर्नहून ही मोहीम मोठ्या थाटात निघाली. उंट, गाड्या, टनावारी सामान, कशाला तोटा नव्हता. कूपर नावाच्या ओढ्यावर एक ठाणे ठेवून चौघे जण पुढे उत्तर किनाऱ्याच्या दलदलीपर्यंत जाऊन आले. परतीच्या वाटेत एक मेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी ठाण्यावर पोचले, तर ठाण्यातली माणसे वाट पाहून त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली! झाडावर ‘खणा’ असे कोरलेले होते. तिथे पुरलेला थोडा शिधा मिळाला.

पण पाहा, हे तिघे ज्या ओढ्याकाठी उपासमारीने खंगले, त्याच ओढ्याकाठी यांड्रुवांडा लोक बायकामुलांसह सुखाने नांदत होते. त्यांनी मासे दिले, नार्डू नावाच्या नेच्याच्या दाण्यांची भाकर दिली. बर्कला ही सलगी रुचली नाही. त्याने बार काढून त्यांना हाकलले. मग नार्डू स्वतःच दळून खाऊ लागले. आपल्याकडचे ठाकर-कातकरी कडू कंद उकळून, धुऊन, मगच खातात. तशीच नार्डूलाही भाजण्या-धुण्याची रीत होती. ती न पाळल्याने त्यातले द्रव्य शरीरातले जीवनसत्त्व नष्ट करते आणि पोट भरूनही माणूस झिजतो, असे आता मानले जाते. बर्क आणि विल्स दोघेही गेले. तिसरा, किंग, यांड्रुवांडा लोकांच्या आश्रयाला गेला. सप्टेंबरमध्ये शोधपथक आले तेव्हा तो जिवंत होता. मेलबर्नमध्ये पुतळा उभा राहिला तो मात्र बर्क-विल्सचा.

पुढचे गाव कूबर पेडी. १९१५ साली सोने शोधायला आलेल्या टोळीतला १४ वर्षांचा मुलगा पाणी हुडकायला गेला आणि हातात ओपलची रत्ने घेऊन परतला. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून बरीचशी माणसे टेकड्या पोखरून जमिनीखालच्या घरांत राहतात. देवळेसुद्धा जमिनीखाली. अजिंठ्याच्या डोंगराकडे पाहत वाढलेल्या आपल्याला त्याचे फारसे नवल वाटू नये.

तिथून दिवसभराच्या प्रवासानंतर क्षितिजावर उलुरू दिसू लागतो. एकसंध वाटणारा तांबडा खडक, सपाटीपासून ३४८ मीटर उंच, घेर नऊ किलोमीटरांहून जास्त. गोऱ्या पाहणीदाराने १८७३ मध्ये त्याला ‘एअर्स रॉक’ नाव दिले. तो खडक अनांगू लोकांचे पवित्र स्थान. त्यावर चढू नका, अशी त्यांची विनंती वर्षानुवर्षे पायथ्याशी लिहिलेली असे आणि तिच्याच शेजारून प्रवासी साखळी धरून वर जात. पडून, उन्हाने, हृदय बंद पडून तीसहून अधिक माणसे त्या चढणीवर दगावली. पाहुणा आपल्या दारात मेला याचे दुःख आपल्याला होते, असे अनांगू म्हणत. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती जमीन त्यांच्या हाती परत दिली. त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने सरकारलाच वापरायला दिली. चढण मात्र बंद झाली ती त्यानंतर बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी. बंद होण्याआधीच्या दिवसांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. माणसाच्या स्वभावाला काय म्हणावे! आता तुम्ही खडकाला पायी प्रदक्षिणा घालता. ती अधिक शहाणपणाची आहे, कारण चित्रे, गुहा, बारमाही म्हणावेत असे डबके, सारे खालीच आहे. काही जागी छायाचित्र घेऊ नये अशी पाटी असते. तिथे घेऊ नये.

त्या रात्री वळकटीत पडल्या पडल्या वर पाहा. जुलै महिना असेल तर तिकडे हिवाळा. पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो. आपल्याकडे दक्षिणेला खाली झुकलेला वृश्चिक तिथे थेट डोक्यावर येतो, ज्येष्ठा अगदी माथ्यावर. ध्रुवतारा नाहीच. दिवसा सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. शिक्षकमित्रांनो, पृथ्वी गोल असल्याचा याहून सोपा पाठ फळ्यावर देता येईलसे वाटत नाही.

आणि अॅलिस स्प्रिंग्ज हे गाव तर शिक्षकांनी आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवावे. आसपासच्या गुरांच्या कुरणांवर एकेक कुटुंब शेजाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आजाऱ्यासाठी १९२८ साली विमानाने येणारा डॉक्टर सुरू झाला. पण त्याला बोलवायचे कसे? ट्रेगर नावाच्या गृहस्थाने सायकलसारखे पायटे मारून वीज देणारे बिनतारी यंत्र तयार केले. याच यंत्रांचा उपयोग मुलांना शिकवायला का करू नये, असे एका शिक्षिकाबाईंना सुचले, आणि १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्जहून आकाशवाटेने शाळा सुरू झाली. गुरुजी गावात, विद्यार्थी तेरा लाख चौरस किलोमीटरच्या टापूत विखुरलेले! आरंभी नुसते ऐकायचे. पुढे मुले उलट प्रश्न विचारू लागली. आता उपग्रहामार्फत एकमेकांचे चेहरेही दिसतात.

अॅलिसच्या उत्तरेला दीड हजार किलोमीटर. तीन-चार डबे जोडलेल्या, पन्नास मीटरांहून लांब मालगाड्या समोरून येतात तेव्हा आपली बस थरथरते. हळूहळू वारुळे उंच होत जातात, झाडे दाट, हवा दमट. काकाडूच्या कड्यांवर हजारो वर्षांची चित्रे आहेत. मासे, कांगारू, आणि अलीकडच्या थरात गलबतेसुद्धा. तिथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. आपल्याप्रमाणेच सहा, फक्त त्यांचे वेगळे.

इथे पाण्याची रीतच बदलते. वाळवंटात जे मिळत नव्हते ते आता चहूकडे आहे, पण त्याला शिवायचे नाही. नदीत सुसरी-मगरींची ती महाकाय खाऱ्या पाण्यातली जात. नावावर जाऊ नका. ती गोड्या पाण्यातही दूरवर आत येते. तळ काठापासून निदान ५० मीटर दूर टाकायचा, भांडी काठावर घासायची नाहीत, आणि रोज एकाच जागी पाणी भरायला जायचे नाही, कारण ती पाळत ठेवते. समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत विषारी जेलीमासे. पाटी वाचायची, आणि पाटी नसेल तर विचारायचे.

डार्विनहून ब्रूमपर्यंत आणखी सुमारे १,९०० किलोमीटर. ब्रूम हे मोत्यांचे बंदर. १८८९ मध्ये जावा बेटाकडे जाणारी दुसरी तार इथून समुद्रात उतरली, म्हणून तिथल्या लांबलचक पुळणीचे नाव केबल बीच. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. इथे तो नऊ-दहा मीटरांपर्यंत जातो. गँथोमच्या तांबड्या खडकांपाशी खूप खोल ओहोटी लागली, की सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरची तीन बोटांची पावले उघडी पडतात. त्यासाठी वाटाड्या आदल्या रात्रीच ओहोटीची वेळ पाहून ठेवतो, आणि अंधारातच वळकट्या आवळायला सांगतो. खडक निसरडे असतात, खाली उतरताना हात मोकळे ठेवावेत. पाऊल सापडले तर त्यात आपले पाऊल ठेवून पाहू नये. ती यावुरू लोकांची जागा आहे. तासाभरात पाणी परत चढू लागते.