आपली स्कूटर, आपला पाना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील रविवारच्या कार्यक्रमात सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यान म्हटलं की सभागृह, हार-तुरे आणि पाण्याचा तांब्या आलाच. आज मात्र कमिटीने मला पार्किंगमध्ये उभं केलंय, आणि टेबलावर हाराऐवजी दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचं गेज, नरसाळं आणि जुन्या धोतराचं फडकं ठेवलंय. मला हे जास्त आवडलं. मी काही मेकॅनिक नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण गेली चाळीस वर्षं दुचाकीची वरवरची देखभाल स्वतः करत आलोय. एवढ्या शिदोरीवर बोलतो. ज्यांनी आयुष्यात कधी पाना धरलेला नाही, त्यांच्यासाठीच आजचं बोलणं आहे.

आमच्या पिढीला ही सवय हौसेने लागली नाही. बजाजची चेतक 1972 साली आली. राणा प्रताप यांच्या घोड्याचं नाव, आणि रुबाबही तसाच. पण नाव नोंदवून नंबर लागायला वर्षं जायची. इतक्या वर्षांनी आकुर्डीच्या कारखान्यातून घरी आलेली गाडी माणूस जिवापाड जपणार नाही तर काय करणार! ती टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण 20 मिलिलिटर तेल मिसळायचं. प्लगवर काजळी धरायची. मग सकाळी ऑफिसच्या घाईत प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, गाडी एका अंगावर कलती करा आणि किक मारा, हे चित्र प्रत्येक वाड्यासमोर दिसायचं. डिकीत एक जादा प्लग आणि क्लचची केबल असायचीच. स्टेपनी तर अंगावरच होती. ती पुढच्या चाकालाही चाले, मागच्यालाही. घराघरात अर्धा मेकॅनिक आपोआप तयार झाला.

आता तुमच्या गाड्या फोर-स्ट्रोक, बिनगिअरच्या. बटण दाबलं की चालू. रोज कुरकुरत नाहीत हा त्यांचा गुण, आणि त्यामुळे कोणी त्यांच्याकडे बघत नाही ही त्यांची अडचण. ज्या खात्याकडे वर्षभर कोणी पाहत नाही तिथेच पुढे घोळ निघतो, हे मी नोकरीत पाहिलंय. म्हणून पहिलं काम हे की रविवारी दहा मिनिटं गाडीकडे बघायचं. पाना नंतर.

हवा. सुरुवात हवेपासून. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. गाडी पळवून आणली की टायर तापतो आणि काटा जास्त दाखवतो. किती हवी? बहुतेक 110 सीसीच्या स्कूटरना पुढे 22 आणि मागे एकट्यासाठी 29च्या आसपास, मागे कोणी बसणार असेल तर त्याहून जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, तोच धरायचा. पंपावरच्या मुलाने विचारलं, “काका, किती मारू?” तर “मार अंदाजाने” म्हणायचं नाही.

हवा बघताना टायरही बघा. कडेला टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरं किंवा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की त्याची नोकरी संपली. शिवाय चार आकड्यांचा एक शिक्का असतो. समजा 2319, म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचा शाबूत असूनही रबर जुनं होऊन तडकलं असेल तर त्यावर विसंबायचं नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तिथल्या तिथे उपटू नका. हवा धरून असेल तर सावकाश दुकानापर्यंत जा.

ब्रेक. आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या गेटचा उतार तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि खाली थेट रस्ता. तिथे ब्रेक लागला नाही तर दुसरी संधी नसते.

ड्रम ब्रेकची परीक्षा अशी. दांडा बोटांनी हलकेच ओढायचा. टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळा चालतो आणि मग ब्रेक धरतो, हे ठीक. दांडा मुठीपर्यंत येत असेल तर ब्रेक सैल. मागच्या चाकाजवळ ब्रेकची तार जिथे संपते तिथे एक नट असतो. तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की ब्रेक आवळतो. एका वेळी अर्धा फेरा, जास्त नाही. नटाला एक अर्धगोल खाच असते, ती मागच्या पिनवर नीट बसली पाहिजे. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवायचं. अडकत, घासत फिरलं तर जास्त आवळलंय, थोडं सोडा. कायम घासणारा ब्रेक तापतो, पेट्रोलही खातो.

तिथेच बाण आणि खूण असते. दांडा पूर्ण ओढल्यावर बाण खुणेला भिडला तर ब्रेक-शू झिजले. मग नट आवळणं म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडण्यासारखं. शू बदलूनच घ्यायचे. हे काम कारागिराचं. नव्या गाड्यांत डावा दांडा पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लावतो. त्यातली पुढची जोडणी नवशिक्याने छेडू नये. आणि डिस्क ब्रेकच्या तबकडीवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. कुरकुरते म्हणून तेल सोडणारे महाभाग मी पाहिलेत!

तेल. इंजिनचं तेल तपासायला गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, तीन-चार मिनिटं चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं. पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. पट्टी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं, पुस्तिकेत पाहा.

तेल बदलणंही घरी जमतं. इंजिन किंचित कोमट असताना, खाली पसरट भांडं ठेवून, तळाचा बोल्ट सोडायचा. कोमट म्हणजे कोमट, चटका बसेल इतकं गरम नाही, आणि शेजारच्या सायलेन्सरला हात लावायचा नाही. तेल निथळल्यावर बोल्टचा वायसर नवा घालायचा. बोल्ट पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवायचा, पाना शेवटी. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे तिरके बसले, तर इंजिनच्या तळाचे आटे जातात आणि चहाच्या पैशातलं काम मोठ्या बिलात जातं. नवं तेल पुस्तिकेतल्या ग्रेडचं, उदाहरणार्थ 10डब्ल्यू-30, आणि मापून. जास्त ओतलं म्हणजे गाडीवर जास्त माया, असं नसतं.

आणि हात जोडून सांगतो, काढलेलं काळं तेल आपल्या चेंबरमध्ये किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

बॅटरी, प्लग, फिल्टर. बॅटरी सोडवताना आधी ऋण, म्हणजे काळी वायर काढायची. जोडताना ती सगळ्यात शेवटी. टोकांवर पांढरी पूड जमली असेल तर वायरी सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने पुसा, कोरडं करा, जोडल्यावर थोडं व्हॅसलीन लावा. प्लग इंजिन थंड असतानाच काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काळीकुट्ट काजळी असेल तर एअर फिल्टर कोंदल्याचा संशय घ्या. फिल्टरबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही गाड्यांत तो तेलकट कागदाचा असतो. तो फुंकून, झटकून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतोय, त्या इथेच बसल्या आहेत.

आपल्या एका वहिनींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची स्कूटर त्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी होती. वहिनींना चालवता येत होती, पण देखभाल सगळी त्यांच्याकडे. पेट्रोल कुठलं, हवा किती, काहीच ठाऊक नाही. एका गॅरेजवाल्याने लांबूनच पाहून सांगितलं, “बाई, यात पैसे घालू नका, भंगारात द्या.” वहिनी मला म्हणाल्या, “काका, गाडी विकायला माझी हरकत नाही. पण आईकडे जायला रोज कोणाला तरी ‘सोडता का’ विचारावं लागतं, ते नको झालंय.”

मी म्हटलं, विकायची की नाही ते नंतर ठरवू, आधी गाडी काय म्हणतेय ते ऐकू. आम्ही कागदाचे दोन रकाने केले. एक ‘आपण’, दुसरा ‘कारागीर’. टाकीतलं दोन वर्षांचं पेट्रोल काढणं आणि कार्बोरेटर साफ करणं कारागिराकडे, कारण जुन्या पेट्रोलचा राळेसारखा चिकटा बारीक भोकांत बसतो. एका जागी उभ्या राहून तडकलेले टायर दुकानात बदलले. मागचे ब्रेक-शू कारागिराने घातले. बाकी सगळं वहिनींच्या रकान्यात. नवी बॅटरी त्यांनी स्वतः बसवली. तेल त्यांनी बदललं. मी स्टुलावर बसून फक्त तोंडाची वाफ दवडली. ब्रेकचा नट अर्धा-अर्धा फेरा आवळत, चाक फिरवून बघत, त्यांना अर्धा तास लागला. लागू दे.

गाडी सुरू झाली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आरसा त्यांच्या यजमानांच्या उंचीला लावलेला होता, तो त्यांनी पाना घेऊन स्वतःच्या उंचीला फिरवला. आता त्या आठवड्यातून तीनदा आईकडे जातात. कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून मी हे बोलतोय. चार पैसे वाचतात ते आहेच, पण आपली गाडी आपल्याला कळते तेव्हा गॅरेजमध्येही आपण धीटपणे उभे राहतो. “मागचा शू खुणेला आलाय, बदला” असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी उगाच लांबलचक यादी देत नाही. चांगल्या कारागिरालाही असं गिऱ्हाईक आवडतं.

मर्यादाही सांगतो. चाक उघडणं, बेल्ट, इंजिनचं पोट, पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा, यांत नवशिक्याने हात घालू नये. 2020 नंतरच्या बऱ्याच गाड्या इंजेक्शनच्या आहेत. त्यांत बॅटरी पार मेली तर किकही उपयोगी पडेल याचा भरवसा नाही. विजेच्या स्कूटरला तेल नाही, प्लग नाही, पण हवा, टायर आणि ब्रेक तेच. तिची मोठी बॅटरी मात्र कधीही उघडायची नाही. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो. पेट्रोलजवळ काडी, उदबत्ती काहीही नको. बाहीचं टोक, ओढणी, पदर आधी खोचून घ्या. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या मधोमध आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका. धुतल्यावर आवारातच सावकाश एक फेरी मारून ब्रेक सुकवा, मगच गेटचा उतार उतरा.

शेवटची सूचना माझ्या धंद्यातली. डिकीत एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च आला, एवढ्या चार रकान्यांची. स्मरणशक्तीवर विसंबून बँक चालत नाही, गाडीही चालत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता याच जागी आपापल्या गाड्या घेऊन या. हवेचं गेज मी आणतो, फडकं तुम्ही आणा. मुलींनी आणि सुनांनी पुढे उभं राहायचं, पुरुष मंडळींनी मागे उभं राहून सल्ले द्यायचे नाहीत. चहा कमिटीतर्फे आहे, असं खजिनदारांनी आत्ताच मान हलवून कबूल केलंय. सगळ्यांनी पाहिलंय, आता माघार नाही.