तिसऱ्या माशाला जागा नव्हती

बचत गटाच्या बोलण्यात आज मासे कुठून आले, असं वाटेल. पण आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्ज घेऊन घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन फिशची जोडी आणली. मुलं त्याला 'निमो' म्हणतात. जोडीची पिल्लं विकायची, असा विचार होता. आम्हीही मान डोलावली.

जोडी छान रमली. मग ताईंनी त्याच जातीचा तिसरा मासा आणून सोडला. मोठ्या मादीनं त्याला कोपऱ्यात रेटलं, पंख कुरतडले. तिसऱ्या दिवशी तो मेला. बैठकीत सगळ्या म्हणाल्या, मासा दुष्ट आहे. नंतर माहिती घेतली तेव्हा कळलं, चूक आमची होती.

हा मासा समुद्रात समुद्रफुलाच्या आसऱ्यानं राहतो आणि तेवढी जागा जिवापाड राखतो. जन्मतः सगळे नर असतात. सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा तिचा जोडीदार. मादी गेली तर तो नरच मादी बनतो. बाकीचे लहान मासे मान खाली घालून राहतात, नाहीतर हाकलले जातात. समुद्रात पळायला वाट असते. काचेच्या टाकीत कुठं पळणार?

म्हणून एका टाकीत एकच जोडी ठेवायची, आणि टाकी किमान शंभर लिटरची हवी. लपायला दगडांच्या कपारी करायच्या. समुद्रफूल नसलं तरी चालतं. खरं प्रवाळ मात्र विकत घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

आपला समुद्र घाटाखाली, म्हणून पाणी घरीच करायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयाचं सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवायचं आणि मापकानं तपासायचं. उष्णता २५ ते २८ अंश. पाण्याची वाफ होते, मीठ मागंच राहतं. त्यामुळं रोजची घट गोड्या पाण्यानंच भरायची. पंधरा दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. टाकी भरली की चार ते सहा आठवडे मासा सोडायचा नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू आधी तयार व्हायला लागतात.

आता पिल्लांचं. अंडी दगडावर घातली जातात, बाप राखण करतो, आठवडाभरात पिल्लं निघतात. पण ती इतकी बारीक असतात की त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वेगळे वाढवून खायला द्यावे लागतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हे तंत्र बसवलंय, पण ते शिकल्याशिवाय जमत नाही. मासाही समुद्रातून पकडलेला नको, असाच पैदास केलेला मागा.

ताईंचा हप्ता चालू आहे, जोडी सुखात आहे. आम्ही मात्र ठराव केला: जिवंत प्राण्याच्या धंद्याला कर्ज देण्याआधी बाईनं तो प्राणी आधी शिकून घ्यायचा आणि आम्हीही. कर्ज मंजूर करताना सही आमचीही असते ना!