एकट्याने, पण हिशेबाने
थंडीत एकट्याने महिनाभर जपान फिरायचं म्हटल्यावर घरचे म्हणतात, "ह्या वयात?" म्हणून हिशेबच मांडतो.

31 डिसेंबर ते 3 जानेवारी तिथल्या बँका बंद, म्हणून निघायचं त्यानंतर. 21 दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 पासून 1,00,000 येन झाला. एकेका गावी चार दिवस राहिलं तर सुटी तिकिटंच परवडतात. आपण मालवणकडची माणसं, बर्फाची सवय नाही. म्हणून आधी दक्षिणेचं क्यूशू, होक्काइदो शेवटी. वाटेत कोयासान: डोंगरावर देवळातच मुक्काम, आणि तिथल्या विद्यापीठात 2015 साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा.

तिथे रात्रीचे दहा, तेव्हा इथे साडेसहा. रोज त्या वेळी फोन. एकटं जायचं म्हणजे कुणाला न सांगता नव्हे. किल्ली शेजारी ठेवतो, तुळशीला पाणी घाला!